दूरचित्रवाणी पत्रकाराचा सत्कार: शाल विकत घेण्याआधी करायची कामे

वृत्तपत्रात हयात घालवलेल्या पत्रकाराचा सत्कार करायचा ठरला, की निम्मे काम त्याच्या घरच्या कात्रणांच्या वहीने आधीच केलेले असते. दूरचित्रवाणीवर तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाकडे अशी वही नसते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि भक्ती बर्वे, स्मिता पाटील तेथे बातम्या वाचत असत, ही माहिती आजही कौतुकाने सांगितली जाते. परंतु त्यांनी वाचलेले एखादे पूर्ण बातमीपत्र अलीकडे पाहिले आहे, असे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. बातमीपत्र थेट प्रसारित होत असे, फिती महाग होत्या आणि वापरलेली फीत पुसून तिच्यावर पुन्हा चित्रण करण्याची रीत होती. दूरदर्शनचे वृत्तनिवेदक प्रदीप भिडे २०२२ च्या जूनमध्ये गेले, तेव्हा त्यांचा आवाज आठवत नाही असे म्हणणारे मराठी घर सापडणे कठीण होते, पण अमुक दिवशीचे अमुक बातमीपत्र, असे बोट ठेवून सांगणारे किती निघाले असते?

म्हणून अशा ज्येष्ठाचा गौरव करू इच्छिणाऱ्या पत्रकार संघाने, माजी सहकाऱ्यांनी किंवा कुटुंबीयांनी एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करावी. शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह या तीन वस्तू एका दुपारी विकत मिळतात. ज्या कामासाठी त्या द्यायच्या, ते काम मात्र ठिकठिकाणी विखुरलेले असते आणि ते गोळा करायला पाच-सहा महिने लागतात. सभागृह आरक्षित करण्याआधी हे महिने हाताशी आहेत की नाहीत, ते पाहावे.

सर्वांत आधी सत्कारमूर्तींची संमती घ्यावी. ही औपचारिकता नव्हे. आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःविषयी बोलणे मनापासून नकोसे वाटते, असा माझा अनुभव आहे. शिवाय काहींचे शेवटच्या वाहिनीशी बिनसलेले असते, काहींना एखाद्या जुन्या वरिष्ठाच्या शेजारी बसायचे नसते, काहींची प्रकृती तासभर व्यासपीठावर बसण्याजोगी राहिलेली नसते. घरी जाऊन, चहा घेत, घाई न करता बोलावे आणि कोणाला बोलवायचे नाही हेही विचारून घ्यावे. हा प्रश्न अवघड वाटतो, पण नंतरचे पुष्कळ अवघड प्रश्न त्याने टळतात.

दुसरी गोष्ट नेमकेपणाची. ‘दूरचित्रवाणी पत्रकार’ या एका नावाखाली निरनिराळी कामे करणारी माणसे येतात. दूरदर्शनवरचे अनेक वृत्तनिवेदक कंत्राटी पद्धतीने, पाळीप्रमाणे येत. त्यांची नोकरी दुसरीकडे असे आणि संध्याकाळ बातम्यांची असे. वृत्तसंपादक पडद्यावर कधी दिसत नसे, पण कोणती बातमी वर घ्यायची ते तोच ठरवी. खासगी वाहिन्यांच्या काळात स्टुडिओतला अँकर, बीट म्हणजे नेमून दिलेला विषय सांभाळणारा रिपोर्टर, बातम्या मागवणाऱ्या इनपुट आणि त्या प्रसारणासाठी तयार करणाऱ्या आउटपुट डेस्कवरची मंडळी, पीसीआरमधला म्हणजे नियंत्रण कक्षातला निर्माता, कॅमेरामन आणि जिल्ह्यातला, बातमीमागे मानधन घेणारा स्ट्रिंगर अशी वाटणी झाली. ज्याने आयुष्यभर रनडाऊन, म्हणजे बातमीपत्रातल्या बातम्यांचा क्रम, लावला, त्याच्या मानपत्रात ‘भारदस्त आवाज’ आला, तर समोर बसलेले जुने सहकारी गालात हसतात. आपण नेमक्या कोणत्या कामाचा गौरव करीत आहोत, हे समितीच्या पहिल्या बैठकीत एका वाक्यात लिहून काढावे.

कार्यपट

कार्यपट म्हणजे केलेल्या कामाची वर्षवार नोंद. त्यासाठी एक साधी वही घ्यावी आणि तिच्यात पाच रकाने आखावेत: वर्ष, संस्था, पद, महत्त्वाचे काम आणि पुरावा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पुरावा म्हणजे नेमणुकीचे किंवा कंत्राटाचे पत्र, अधिस्वीकृती पत्रिका (शासनाने पत्रकाराला दिलेले ओळखपत्र), बातमीपत्राच्या संहितेची प्रत, तारीख असलेले छायाचित्र, प्रेक्षकाचे पत्र, मानधनाची पावती किंवा त्या वेळी सोबत असलेल्या सहकाऱ्याचे लेखी निवेदन. ज्या ओळीसमोर पुरावा नाही, ती ओळ पेन्सिलीने लिहावी आणि मानपत्रात घेऊ नये.

संस्थांच्या नावांत हमखास चुका होतात, कारण मराठी वाहिन्यांची नावे वारंवार बदलली आहेत. १९९९ मध्ये सुरू झालेली अल्फा मराठी पुढे झी मराठी झाली, २००० मध्ये आलेली ई टीव्ही मराठी पुढे कलर्स मराठी झाली, २००७ मध्ये आलेल्या स्टार माझाचे २०१२ मध्ये एबीपी माझा झाले आणि २००८ मध्ये आलेल्या आयबीएन लोकमतचे नाव आता न्यूज१८ लोकमत आहे. नियम सोपा ठेवावा: ज्या वर्षीचे काम, त्या वर्षीचे नाव, आणि आवश्यक वाटल्यास पुढे ‘आताची अमुक’ अशी जोड. काही वर्षांपूर्वी आम्ही केलेल्या एका सत्कारात मी स्वतः लिहिलेल्या मानपत्रात वाहिनीचे नवे नाव जुन्या वर्षाला चिकटले होते. वाचन चालू असतानाच सत्कारमूर्तींनी खिशातून पेन काढले, मानपत्र हाती आल्याबरोबर चौकटीची काच बाजूला करता येते का ते चाचपून पाहिले, आणि येत नाही म्हटल्यावर मला हळूच म्हणाले, “नंतर दुरुस्त करू.” चाळीस वर्षे दुसऱ्यांची कॉपी तपासलेला माणूस स्वतःच्या मानपत्राची कॉपी तपासणारच, हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते.

‘पहिले’, ‘एकमेव’, ‘सर्वप्रथम घटनास्थळी पोहोचलेले’ ही विशेषणे कार्यपटात शिरू देऊ नयेत. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तामुळे व वार्तांकनामुळे पोलीस आणि पत्रकार रात्री उशिरापर्यंत जागे होते. त्या दिवशी सर्वांत आधी आपणच पोहोचलो, असे प्रामाणिकपणे मानणारी माणसे एकाहून अधिक असू शकतात आणि त्यांतले कोणी खोटे बोलत नसते. ‘त्या सकाळी तेथे होते’ एवढे लिहिले तरी मान कमी होत नाही.

कपाटातल्या कॅसेट

आता मुख्य काम. जवळपास प्रत्येक ज्येष्ठाच्या घरी माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी एक खोके असते, त्यात कॅसेट असतात, आणि त्या ‘कधीतरी बघू’ म्हणून पंधरा-वीस वर्षे तशाच पडलेल्या असतात. खोके उघडल्यावर हात लावण्याआधी छायाचित्र काढावे. कोणती कॅसेट कोणत्या कॅसेटशेजारी होती, हीदेखील माहितीच असते. लेबल निघून गेलेल्या कॅसेटचा काळ पुष्कळदा तिच्या शेजारणीवरून कळतो. नंतर प्रत्येक कॅसेटची पाठ आणि पुढची बाजू मोबाइलवर टिपावी, कारण पेन्सिलीने लिहिलेली ‘ऊस आंदोलन – बाईट – कच्चे’ अशी अक्षरे एका पुसण्यात जातात. शेवटी तिला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक वहीत घ्यावा.

आकारावरून प्रकार ओळखता येतो. जाडजूड पुस्तकासारखी मोठी कॅसेट बहुधा यू-मॅटिक असते आणि तिची फीत पाऊण इंच रुंद असते. बीटाकॅम आणि व्हीएचएस यांच्या फिती अर्ध्या इंचाच्या असतात. तळहातावर मावणारी, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी ती मिनी डीव्ही; खासगी वाहिन्यांच्या पहिल्या दशकात जिल्ह्यातल्या प्रतिनिधींच्या पिशवीत तीच असे. बातमीचे चित्रण करायचे आणि कॅसेट एसटीच्या चालकाकडे सोपवायची, मग मुंबईत ती कोणीतरी उतरवून घ्यायची, हा त्या काळचा मार्ग होता. त्यामुळे चांगले चित्रण मुंबईला गेले आणि घरी उरले ते कच्चे, असे पुष्कळांच्या बाबतीत झालेले आहे. त्याने हिरमुसून जाऊ नये. कच्च्या चित्रणात पत्रकाराने तीन वेळा चुकून चौथ्यांदा नीट दिलेली पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहून केलेले निवेदन, असते, कॅमेरामनला दिलेल्या सूचना असतात, मागे जमलेली पोरे असतात, आणि बातमीत कापला गेलेला प्रश्नही असतो. गौरवासाठी याहून चांगला ऐवज मला ठाऊक नाही.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी तिच्या काचेतून फीत पाहावी. फितीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली, तर ती बुरशी आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट घरांत ती हमखास असते. अशी कॅसेट चालवून पाहू नये, कारण फीत खराब होतेच, शिवाय यंत्राच्या हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटपर्यंत पोहोचते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्यावी. चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटचेही आधी संरक्षण करावे: मिनी डीव्हीच्या कडेची छोटी कळ ‘सेव्ह’ या बाजूला सरकवावी आणि व्हीएचएसच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला नसेल तर मोडून टाकावा, म्हणजे चुकीचे बटण दाबले गेले तरी चित्रण पुसले जाणार नाही. अनेक वर्षे न हललेली फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणावी आणि मगच चालवावी.

संगणकावर घेण्याचे काम चालत्या वेळातच होते. साठ मिनिटांच्या मिनी डीव्हीला साठ मिनिटेच लागतात, आणि ती ज्या कॅमेऱ्यावर किंवा डेकवर चालवायची, त्याला फायरवायरची, म्हणजे चित्रण संगणकात नेणाऱ्या एका जुन्या प्रकारच्या केबलची, जोडणी असावी लागते. चाळीस कॅसेट म्हणजे चाळीस तास. रोज दोन तास दिले तरी तीन आठवडे. यू-मॅटिक आणि बीटाकॅमची चालू यंत्रे आता मोजक्याच स्टुडिओंत उरली आहेत, त्यामुळे तेथे आधी दर आणि वेळ ठरवून मगच कॅसेट न्याव्यात. त्या कुरिअरने पाठवू नयेत. समितीतल्या एका माणसाने हातात घेऊन जावे, समोर बसून काम करून घ्यावे आणि हातात घेऊन परत यावे.

एक कायदेशीर बाब येथेच सांगतो. कॅसेट घरात असली म्हणून तिच्यातल्या चित्रणावरचा हक्क घराकडे येत नाही. तो सामान्यतः वाहिनीकडे असतो. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा, आणि त्या व्याख्येत येणाऱ्या चित्रणाचा, स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो, तर प्रसारकाचा प्रसारणावरचा वेगळा हक्क पंचवीस वर्षे टिकतो. जतनासाठी प्रत करणे आणि तीच चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकणे या दोन गोष्टींत त्यामुळे मोठा फरक आहे. वाहिनीच्या संपादकांना साधे पत्र लिहावे, कोणते तुकडे, किती मिनिटे आणि कोठे दाखवणार ते कळवावे आणि लेखी परवानगी घ्यावी. दूरदर्शनच्या साहित्यासाठी प्रसार भारतीच्या अभिलेखागाराशी पत्रव्यवहार करावा, आणि पत्रात तारीख व कार्यक्रमाचे नाव द्यावे. ‘आमच्या सरांचे जे असेल ते’ अशा विनंतीला उत्तर मिळण्याची शक्यता कमी. कार्यपट आधी करायचा तो याचसाठी.

मुलाखत

चित्रणात जे नाही, ते माणसाकडून घ्यावे लागते. ही मुलाखत समारंभाच्या व्यासपीठावर घेऊ नये; ती आधी, घरी, दोन किंवा तीन बैठकांत, प्रत्येकी तासभर घ्यावी. पंखा बंद करावा, कॉलर माइक लावावा, मोबाइल विमान मोडवर ठेवावेत. समोरचा माणूस आपल्याला प्रकाश कोठून घ्यायचा ते सांगेल. ऐकावे, कारण त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते.

‘आपला प्रवास कसा सुरू झाला?’ या प्रश्नाला प्रत्येकाकडे तयार उत्तर असते आणि ते उत्तर आपल्याला नको असते. त्याऐवजी वस्तू हातात द्यावी. जुने अधिस्वीकृतीचे कार्ड, कॅसेट क्रमांक सतरा, संहितेचे पिवळे पडलेले पान, आणि विचारावे: हे अक्षर कोणाचे? या शब्दावर काट का मारली? त्या दिवशी गाडी कोण चालवत होते? स्टुडिओत कागदावरून वाचताना मान खाली घालावी लागे की टेलिप्रॉम्प्टर आला होता? २६ जुलै २००५ च्या पावसात किंवा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आणि नंतरच्या दिवसांत काम केलेल्या व्यक्तीला, काय दाखवले यापेक्षा काय दाखवले नाही आणि ते कोणी ठरवले, हे विचारावे. एखादी चुकलेली बातमी जरूर विचारावी. ज्याच्या कारकिर्दीत एकही चूक नाही, अशा माणसाचा गौरव वाचायला कंटाळवाणा होतो, आणि तो खराही नसतो.

मुलाखतीच्या शेवटी कोणता भाग आत्ता दाखवायचा आणि कोणता फक्त जपून ठेवायचा, हे विचारून त्यांच्या सहीने लिहून घ्यावे. व्यक्ती हयात नसेल, तर हेच प्रश्न कॅमेरामन, व्हिडिओ एडिटर आणि घरच्यांना विचारावेत.

मानपत्र

मानपत्र एका पानाचे असावे आणि ते मोठ्याने वाचायला चार मिनिटांहून अधिक लागू नयेत. आपल्याकडे मानपत्राची एक ठरीव बोली आहे: ‘आपण पत्रकारितेच्या नभांगणातील तेजस्वी तारा आहात.’ हे वाक्य शिक्षकाला, डॉक्टरला आणि पतसंस्थेच्या अध्यक्षालाही चालते, म्हणजेच ते कोणाचेच नसते. त्याजागी कार्यपटातली एक ओळ घ्यावी. उदाहरणार्थ: ‘दुष्काळाच्या वर्षी आपण एकाच गावात सलग अकरा दिवस राहून टँकरच्या फेऱ्या मोजल्या आणि बाराव्या दिवशी तो आकडा पडद्यावर दाखवला.’ विशेषण एकही नाही, तरी ऐकणारा सावरून बसतो. अशी चार वाक्ये सापडली की मानपत्र झाले. ते सत्कारमूर्तींना नाही, तरी त्यांच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला आधी दाखवावे. वर सांगितलेली फजिती त्याने टळेल. छापताना टंक मोठा ठेवावा, कारण पुढे ते भिंतीवर टांगले जाणार असते.

समारंभ

दिवस निवडताना ६ जानेवारी बहुतेकांच्या मनात येतो. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ त्या दिवशी निघाले, आणि म्हणून तो आपला पत्रकार दिन. परंतु त्या दिवशी प्रत्येक तालुक्यात कार्यक्रम असतो, सभागृहे मिळत नाहीत आणि ज्यांनी यायला हवे ते सहकारी दुसरीकडे अडकतात. २१ नोव्हेंबर हा जागतिक दूरचित्रवाणी दिन आहे. मुंबई केंद्राशी नाते असलेल्यांसाठी २ ऑक्टोबरला अर्थ आहे, शिवाय सुट्टीही असते. अमृतमहोत्सवाचा वाढदिवस असेल तर प्रश्नच मिटला.

पाहुण्यांबाबत माझे मत ठाम आहे. ज्याच्यावर या पत्रकाराने बातम्या केल्या, अशा पुढाऱ्याच्या हस्ते सत्कार ठेवू नये, निदान तो एकटा प्रमुख पाहुणा नसावा. आमच्या एका कार्यक्रमात पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले, पंचेचाळीस मिनिटे आपल्या मतदारसंघाविषयी बोलले आणि सत्काराला उत्तर द्यायला सत्कारमूर्तींना सहा मिनिटे उरली. त्यांनी ती साडेपाचातच संपवली; वेळेची शिस्त अंगात मुरलेली होती. त्यापेक्षा पहिल्या रांगेत कॅमेरामन, ओबी व्हॅनचा (घटनास्थळावरून थेट प्रसारण करणाऱ्या गाडीचा) तंत्रज्ञ, चालक आणि एडिटर यांना बसवावे, व्यासपीठावरून त्यांची नावे घ्यावीत, आणि शक्य असल्यास त्यांच्यापैकी एकाच्याच हातून शाल घालावी.

चित्रफीत सात-आठ मिनिटांची पुरे. जुन्या तुकड्यांखाली संगीत घालू नये. त्या काळचा मूळ आवाज, रस्त्यावरची गर्दी, माइकवरचा वारा तसाच ऐकू द्यावा. आदल्या संध्याकाळी त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवरून, त्याच स्पीकरवर ती एकदा पूर्ण चालवून पाहावी. ज्या प्रेक्षकांत दहा-बारा दूरचित्रवाणीवाले बसले आहेत, तेथे आवाज न आलेली चित्रफीत फारच लागते. व्यासपीठाला पायऱ्या किती, खुर्चीला हात आहेत का, स्वच्छतागृह किती दूर आहे, या गोष्टी वयाच्या मानाने पाहाव्यात. भाषणे तीन, त्यांपैकी शेवटचे आणि सर्वांत लांब सत्कारमूर्तींचे.

निधी आणि कागदपत्रे

गौरवनिधीची थैली द्यायची असेल, तर सनदी लेखापालाला आधी विचारावे, कारण नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण भेट पन्नास हजार रुपयांच्या वर गेली, की सामान्यतः तिच्यावर प्राप्तिकर लागतो. ही गोष्ट व्यासपीठावर टाळ्या वाजल्यानंतर कळणे बरे नाही.

थैलीपेक्षा टिकाऊ मदत दुसरीच आहे. राज्य शासनाची आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना साठ वर्षे वय आणि तीस वर्षांची पत्रकारिता या आधारावर दरमहा सन्माननिधी देते; चालू अटी आणि अर्जाचा नमुना जिल्हा माहिती कार्यालयात मिळतो. दूरचित्रवाणीवाल्यांची अडचण अशी की तीस वर्षांचा पुरावा त्यांच्यापाशी नसतो: स्ट्रिंगरला नेमणूकपत्र मिळालेले नसते, वाहिनीचे नाव आणि मालक बदललेले असतात, मानधन स्टोरीमागे मिळालेले असते. आपण केलेली पाच रकान्यांची वही येथे थेट उपयोगी पडते. समितीने समारंभाबरोबरच हा अर्ज भरून द्यावा, झेरॉक्स जोडावेत आणि पोच घेऊन यावी.

समारंभ झाल्यावर आठवड्याभरात संगणकावर घेतलेल्या चित्रणाच्या तीन प्रती करून तीन ठिकाणी ठेवाव्यात: एक घरी, एक पत्रकार संघात आणि एक एखाद्या पत्रकारिता विभागाच्या ग्रंथालयात, मात्र काय दाखवता येईल आणि काय नाही हे सांगणाऱ्या पत्रासह. प्रत्येक फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग कॅसेटचा क्रमांक असावा. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशी नावे ठेवू नयेत. मूळ कॅसेट पहिल्या दिवशीच्या छायाचित्राप्रमाणे त्याच क्रमाने खोक्यात उभ्या लावाव्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवाव्यात, आणि खोके माळ्यावर परत न चढवता कपाटाच्या मधल्या खणात, हाताला लागेल असे ठेवून यावे.